हरित इंधनांसाठी शाश्वत उत्प्रेरक

कार्बन डाय-ऑक्साइड, वापरलेले खाद्यतेल, शेतीतील काडीकचरा किंवा शहरी घनकचरा यांपासून मिथेन, मिथेनॉल, डिझेल, विमान-इंधन इत्यादी तयार करणाऱ्या आणि स्वतः मुबलक, बिनविषारी व पुन्हा वापरता येण्याजोग्या घटकांच्या बनलेल्या उत्प्रेरकांना शाश्वत उत्प्रेरक म्हणतात.

उत्प्रेरक विक्रियेचा वेग वाढवतो, ऊर्जा पुरवत नाही. कार्बन डाय-ऑक्साइड हा ज्वलनातून उरणारा अत्यंत स्थिर पदार्थ असल्याने त्याचे पुन्हा इंधन करायचे तर ऊर्जा बाहेरूनच द्यावी लागते, बहुधा हायड्रोजनच्या रूपाने; आणि तो हायड्रोजन सौर किंवा पवन विजेवर पाण्याचे विघटन करून मिळवलेला नसेल, तर उत्प्रेरक कितीही सरस असला तरी इंधनाला हरित म्हणण्यात फारसा अर्थ उरत नाही.

पॉल साबात्ये आणि झाँ-बाप्तिस्त सांदरांस यांनी 1902 मध्ये निकेलच्या सान्निध्यात कार्बन डाय-ऑक्साइड व हायड्रोजनपासून मिथेन मिळवला. निकेल स्वस्त आहे. परंतु या विक्रियेत खर्ची पडणाऱ्या हायड्रोजनपैकी निम्मा पाणी होऊन निघून जातो. मिथेनॉल बनवताना हे प्रमाण एक-तृतीयांशावर येते. मिथेनॉलसाठी 1960 च्या दशकापासून तांबे, जस्त ऑक्साइड व ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड) यांचे मिश्रण वापरले जाते. कच्चा माल म्हणून प्रामुख्याने कार्बन डाय-ऑक्साइड दिला की पाण्याची वाफ जास्त तयार होते, तिच्यामुळे तांब्याचे नॅनोमीटर आकाराचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि विक्रियेला उपलब्ध पृष्ठभाग घटतो. तरीही हा मार्ग व्यवहारात उतरला आहे : आइसलँडमधील जॉर्ज ओला प्रकल्पात भूऔष्णिक केंद्रातून निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड वापरून मिथेनॉल तयार करण्यात आले.

टाकाऊ तेलापासून बायोडिझेल करताना नेहमीचा उत्प्रेरक सोडियम हायड्रॉक्साइड अडचणीचा ठरतो, कारण वारंवार तापलेल्या तेलातील मुक्त मेदाम्लांशी त्याचा साबण होतो आणि बायोडिझेलसोबत तयार होणारे ग्लिसरीन वेगळे काढणे जिकिरीचे जाते. पर्याय म्हणून अंड्याची टरफले सुमारे 900° से. तापमानाला भाजून मिळणारा कॅल्शियम ऑक्साइड अभ्यासला गेला आहे. हा घन उत्प्रेरक गाळून परत घेता येतो. मात्र भाजताना टरफलातून कार्बन डाय-ऑक्साइडच बाहेर पडतो, उघड्यावर ठेवलेली पूड हवेतील तोच वायू व ओलावा शोषून निष्क्रिय होऊ लागते आणि तेल फार आम्लयुक्त असेल तर येथेही साबण होतोच. टाकाऊपासून बनला एवढ्यावरून उत्प्रेरक शाश्वत ठरवणे म्हणूनच घाईचे आहे.

घनकचऱ्याचे वायूकरण (उच्च तापमानाला वायूत रूपांतर) करून मिळणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड-हायड्रोजन मिश्रणापासून लोह किंवा कोबाल्ट वापरून द्रव इंधन करता येते (फिशर-ट्रॉप्श प्रक्रिया). त्यातील गंधकाची संयुगे धातूच्या सक्रिय केंद्रांना, म्हणजे जिथे विक्रिया घडते त्या जागांना, घट्ट बिलगून त्यांची ‘विषबाधा’ घडवतात, डांबरी अंशांमुळे पृष्ठभागावर कार्बनची पुटे चढतात. त्यामुळे प्रयोगशाळेत शुद्ध वायूवर पहिल्या काही तासांत दिसलेल्या उत्पादनापेक्षा, अशुद्ध वायूवर हजारो तास टिकण्याची क्षमता हाच खरा निकष मानावा लागतो.

विजेने थेट कार्बन डाय-ऑक्साइडचे क्षपण (इलेक्ट्रॉन देऊन इंधनासारख्या पदार्थांत रूपांतर) करण्यात तांबे वेगळे ठरते. योशिओ होरी यांनी 1980 च्या दशकात दाखवल्याप्रमाणे तांब्याच्या विद्युत अग्रावर (इलेक्ट्रोडवर) मिथेन, एथिलीन यांसारखी हायड्रोकार्बने लक्षणीय प्रमाणात मिळतात. पण ती इतर अनेक पदार्थांच्या सोबतीने येतात आणि ते मिश्रण वेगळे करायला पुन्हा ऊर्जा लागते.