चूर्णाचा दगड होतो तेव्हा

दिवाळीचा फराळ अंगावर आला म्हणून लवणभास्कर चूर्णाची बाटली काढली, तर चमचा आत शिरेना. सुरीच्या टोकानं खणावं लागलं. त्याच फळीवरचं त्रिफळा मात्र जेमतेम गुठळलेलं. सगळा पावसाळा दोघांनी कोकणातल्या एकाच हवेत काढला होता.

फरक मिठाचा: लवणभास्करात ते भरपूर, त्रिफळ्यात नाहीच. मिठाच्या कणावर हवेतल्या पाण्याचा अदृश्य थर असतोच. सापेक्ष आर्द्रता (हवेत मावू शकणाऱ्या वाफेपैकी प्रत्यक्षात असलेला वाटा) 75 टक्क्यांच्या खाली असेल तर तो तुटपुंजा राहतो. वर गेली की त्यात मीठ विरघळून संपृक्त, म्हणजे आणखी मीठ न मावणारं, द्रावण बनतं, आणि त्याचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होऊन उडण्याचा जोर, शुद्ध पाण्याच्या पाऊणपटच असल्यानं हवेतली वाफ त्यात उतरू लागते. आता गंमत बघा. पाणी वाढलं की द्रावण पातळ होऊन ओढ कमी व्हायला हवी ना? होत नाही. खाली मीठ शिल्लक आहे, ते विरघळून द्रावणाला पुन्हा संपृक्त करतं. शेवटचा कण संपेपर्यंत हे चालूच! लवणभास्करात डाळिंबदाणेही असतात. त्यांतली साखर आणि आम्लं त्याच पाण्यात विरघळतात, बाष्पदाब आणखी उतरतो, आणि पंचाहत्तरी गाठायच्या आतच पाझर सुरू होऊ शकतो.

दगड मात्र भिजल्यानं होत नाही, सुकल्यानं होतो. ऑक्टोबरच्या उन्हात कणांमधलं खारं पाणी उडतं आणि जागच्या जागी स्फटिकांचे पूल उरतात.

त्रिफळ्यात मीठ नाही म्हणून निर्धास्त राहू नका. तिथली भीती बुरशीची.

शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथानं चूर्णाला टिकायला दोन महिने दिले, आजच्या बाटलीवर दोन वर्षं असतात. चूर्ण लवकर उतरतं ते दळल्यामुळे: एक सेंटिमीटरच्या घनाचे दशांश मिलिमीटरचे घन केले, तर पृष्ठभाग 6 चौरस सेंटिमीटरवरून 600 होतो. तेवढीच हवा, ओल आणि प्राणवायूला दारं उघडतात, सुगंधी तेलंही उडतात. मधली तफावत बरीचशी वेष्टनानं भरून काढली आहे. साधी पॉलिथीनची पिशवी ओल बऱ्यापैकी अडवते, पण प्राणवायू आणि वास तिच्यातून आरपार जातात. ओव्याची पिशवी कपाटात ठेवा, आठवड्यानं कपाट उघडून बघा. ॲल्युमिनियमचा थर असलेलं पाकीट दोन्ही अडवतं, छिद्र पडलं नाही तोवर.

हल्ली 'ऊर्जा टिकवण्यासाठी' चूर्ण तांब्याच्या डब्यात ठेवा असं सांगणारे व्हिडिओ फिरतात. आवळ्याच्या बाबतीत तर हे उलटंच. ओल असली की तांब्याचे आयन क जीवनसत्त्वाचं ऑक्सिडीकरण वेगानं घडवतात.

आणि बाटली सारखी उघडू नका, हा उपदेश? 30 अंशांना, 85 टक्के आर्द्रतेत, 100 मिलिलिटर हवेत पाणी असतं साधारण अडीच मिलिग्रॅम. ओल्या चमच्यावरचा एक थेंब 50 मिलिग्रॅमचा. म्हणजे बाटली वीस वेळा उघडा, हवं तर. चमचा पुसून घाला आणि झाकण घट्ट लावा.