रताळ्याची गोडी शिजताना वाढते

‘मधुमेह असेल तर रताळं बंद’ असं एकीकडे सांगतात, दुसरीकडे ‘सुपरफूड आहे, कितीही खा’. दोघंही एक गोष्ट विचारत नाहीत: रताळं शिजवलं कसं?

कच्च्या रताळ्यात साखर बेताचीच. मुख्य साठा स्टार्चचा. त्याच कंदात बीटा-अमायलेज हे विकर (एन्झाइम) असतं. ते स्टार्चच्या साखळीच्या टोकापासून ग्लुकोजच्या जोड्या तोडत जातं. अशी एक जोडी म्हणजे माल्टोज ही शर्करा. कच्चेपणी स्टार्चचे कण इतके घट्ट असतात, की विकराला साखळीचं टोकच सापडत नाही. साधारण 60-65 अंश सेल्सिअसला कण पाणी शोषून फुगतात, साखळ्या मोकळ्या होतात आणि तोडणी जोरात सुरू होते. अमायलोपेक्टिन या फांद्याळ स्टार्चच्या फांद्यांपाशी मात्र ती अडते, त्यामुळे सगळा स्टार्च कधीच संपत नाही. 80 च्या आसपास विकरच निकामी होतं. गाभा या मधल्या तापमानात जितका रेंगाळेल, तितकं माल्टोज जास्त.

म्हणून निखाऱ्याच्या राखेत किंवा जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर पाऊण तास भाजलेल्या अख्ख्या रताळ्याच्या सालीतून चिकट पाक पाझरतो. मायक्रोवेव्हमध्ये झटपट शिजवलेलं तेच रताळं पिठूळ, सपक लागतं.

रक्तातली साखर सांभाळायची असेल तर दोन सेंटिमीटरच्या फोडी उकळत्या पाण्यात टाका आणि सुरी सहज जाईपर्यंत, 12-15 मिनिटं, उकडा. गोडीवरून अंदाज बांधू नका: माल्टोज साध्या साखरेच्या निम्म्याइतकंही गोड नसतं, पण आतड्यात लगेच ग्लुकोज होतं. आणि उपवासाला चालतात म्हणून पाकातले काप हलके ठरत नाहीत.

‘अ’ जीवनसत्त्वाचा गवगवा फक्त नारिंगी गराच्या वाणांना लागू आहे, उदाहरणार्थ केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेचं ‘भू सोना’. शरीर ज्यापासून हे जीवनसत्त्व बनवतं ते बीटा-कॅरोटीन लाल सालीच्या, पांढऱ्या गराच्या रताळ्यात नगण्य. नारिंगी खाताना चमचाभर तूप घ्या, म्हणजे बीटा-कॅरोटीन नीट शोषलं जातं.

कच्ची रताळी फ्रिजमध्ये ठेवू नका. 10-12 अंशांखाली पेशींची आवरणं बिघडतात आणि मग कितीही उकडलं तरी गाभा दडस राहतो. न धुता, टोपलीत, हवेशीर अंधाऱ्या जागी ठेवा. कोंब आले तरी बटाट्यासारखी विषाची भीती नाही. कोंब खुडून शिजवा.

घेताना मुठीत मावेल असं, जड, अखंड सालीचं घ्या. बारीक छिद्रं दिसली तर आत सोंड्या भुंग्याच्या अळ्या असू शकतात. कीड किंवा बुरशी लागली की कंद बचावासाठी कडू, विषारी द्रव्यं तयार करतो. ती शिजवूनही पूर्ण जात नाहीत आणि डागाबाहेरच्या गरातही असू शकतात. कडवट वास आला तर अख्खं रताळं टाका. गुरांनाही घालू नका: बुरशीच्या रताळ्यांनी त्यांची फुप्फुसं सुजतात आणि जनावरं दगावतात.