ॲफ्रोबीट, ऑटोमेशन आणि एआय: इकोची वेळ ठरवण्याचा इतिहास

सोलापुरात आता एका खोलीत, एका लॅपटॉपवर गाणं तयार होतं. भिंतीला फोम, एक कंडेन्सर माइक, एक साउंडकार्ड, बास. मिरवणुकीचे रिमिक्स, भीमगीतं, भक्तिगीतं आणि रील्सची गाणी करणारी पोरं अधूनमधून ॲफ्रोबीटच्या, म्हणजे नायजेरियातल्या लागोस शहरात घडलेल्या संगीताच्या, चालीवरही काम करतात. हलगी आणि लागोसची लय एकत्र वाजली की काय होतं, हे ज्यानं एकदा ऐकलं तो परत परत करून बघतो. यात सगळ्यात वेळखाऊ काम इफेक्टच्या ऑटोमेशनचं, म्हणजे गाणं चालू असताना इफेक्ट कुठं किती आपोआप कमी-जास्त व्हावा ते आखण्याचं. कुठं रिव्हर्ब (मोठ्या खोलीतल्यासारखा घुमारा) वाढवायचा, कुठं फिल्टर (आवाजातला काही भाग कापणारा इफेक्ट) बंद करत आणायचा, कुठल्या शब्दावर इको सोडायचा, या सगळ्याच्या रेघा माउसनं काढत बसावं लागतं. हे काम आता एआय असिस्टंटला सांगता येतं.

रेघा काढण्याचं काम यंत्राकडे द्यायला माझी काहीच हरकत नाही. पण ॲफ्रोबीटमध्ये इको कुठल्या फटीत पडतो हा तालाचाच भाग असतो, आणि तो निर्णय कानाचा आहे. असं का, ते कळायला मागं जावं लागतं.

ॲफ्रोबीटचे जनक फेला कुटी (१९३८–१९९७) नायजेरियातल्या अबेओकुटाचे. १९५८ मध्ये ते लंडनला गेले आणि ट्रिनिटी कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकले. मायदेशी परतल्यावर त्यांचं संगीत हायलाइफ (पश्चिम आफ्रिकेतलं नाचाचं संगीत) आणि जॅझ यांच्या मिश्रणाचं होतं. १९६९ च्या अमेरिका दौऱ्यात कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीच्या ब्लॅक पॉवर चळवळीशी त्यांची जवळून ओळख झाली आणि गाण्याचा विषय व बाज दोन्ही बदलले. पण ॲफ्रोबीटचा कणा होते फेलांच्या ताफ्यातले ड्रमर टोनी ॲलन (१९४०–२०२०). त्यांचे दोन हात आणि दोन पाय चार वेगळ्या गोष्टी बोलायचे. किक (पायानं वाजणारा मोठा ड्रम) दर मात्रेला ठोकून पडत नाही, हायहॅट (पायानं उघडझाप होणाऱ्या झांजा) भलत्याच जागी उघडतो, स्नेअरचे (तडतडणाऱ्या छोट्या ड्रमचे) हलके ठोके मधल्या जागा चाळवत राहतात. त्यावर शेकेरे, म्हणजे मण्यांची जाळी चढवलेला वाळका भोपळा. मग दोन गिटार, दोघांचे तुकडे छोटे, एक थांबतो तिथं दुसरा बोलतो. खाली बास, वर सॅक्सोफोन आणि ट्रम्पेटचा ताफा. गाणं सहज पंधरा मिनिटं चालायचं, एलपीची अख्खी बाजू व्यापायचं, आणि फेलांचा आवाज यायला कितीतरी मिनिटं जायची.

या संगीतात प्रत्येक वाद्य दुसऱ्यासाठी जागा सोडतं. रिकामी ठेवलेली जागा वाजवलेल्या ठोक्याइतकीच मोलाची असते. तिथं लांब शेपटीचा रिव्हर्ब ओतला की आठ जणांनी मिळून राखलेली मोकळीक एका बटणानं बुजते.

याचा धडा १९८५ मध्येच मिळाला होता. नायजेरियाच्या लष्करी सरकारनं फेलांना तुरुंगात टाकलं होतं. त्या काळात त्यांच्या ‘आर्मी अरेंजमेंट’ या ध्वनिमुद्रणावर अमेरिकेतल्या बिल लास्वेल यांनी नव्यानं काम केलं. वाद्यं बदलली, ड्रम आणि ऑर्गनचे नवे थर आले, परदेशी बाजाराला रुचेल असा चकचकीत आवाज झाला. फेलांना ते आवडलं नाही. लास्वेल काही अडाणी नव्हते, त्यांच्या पिढीतले मोठे निर्माते होते. तरी मूळ माणूस खोलीत नसताना मिक्स झालं की काय हरवतं, हे त्या एका अल्बमवरून कळतं.

इफेक्टलाच वाद्य करण्याची वाट मात्र आफ्रिकेतून आली नाही, ती जमैकातून आली. किंग्स्टनचे किंग टबी हे रेडिओ, ट्रान्सफॉर्मर, अँप्लिफायर दुरुस्त करणारे कारागीर. सत्तरच्या दशकात त्यांनी चार ट्रॅकच्या मिक्सिंग टेबलावर तयार गाण्यांची उलटापालट सुरू केली. गायकाचा आवाज मधेच काढून टाकायचा, एकच शब्द ठेवायचा आणि तो टेप इकोत, म्हणजे टेपवर आवाज पुन्हा पुन्हा परतवणाऱ्या यंत्रात, सोडून द्यायचा. फिल्टरचं बटण हातानं फिरवत हायहॅट पातळ करत न्यायचा. यालाच डब म्हणतात. तिथं ऑटोमेशन नव्हतं. दोन हात आणि कान, एवढंच. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. आज मुखड्याच्या शेवटच्या शब्दावर आपण जो इको सोडतो, तो टबींच्या हातातून आलेला आहे.

आता ऑटोमेशनकडे. याची मुळं शोधायला सोलापूरकरानं लांब जायला नको. अक्कलकोट रोड एमआयडीसीत, पूर्व भागात जकार्ड मागावर चादर विणताना ज्यानं पाहिली आहे, त्याला हे यंत्र आतून माहीत आहे. जाड पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ वर फिरत असते. छिद्र असेल तिथं हूक उचलला जातो आणि त्याच्याशी बांधलेला ताण्याचा धागा वर येतो, छिद्र नसेल तिथं धागा खालीच राहतो. धोटा पुढं जातो, पुढचं कार्ड येतं. चादरीवरचा मोर आधी कार्डावर पंच झालेला असतो. फ्रान्समधल्या लिऑन शहरात जोझेफ मारी जकार्ड यांनी १८०४–०५ च्या सुमारास ही रचना पक्की केली. १८७७ मध्ये सोलापुरात जुनी गिरणी उभी राहिली, तेव्हा जकार्डची ही रचना सत्तरी ओलांडून गेलेली होती.

हीच कार्डं पुढं संगीतात शिरली. पॅरिसच्या गाविओली घराण्यानं १८९२ मध्ये जत्रेतल्या ऑर्गनसाठी घडीच्या पुठ्ठ्यावर छिद्रं पाडून सूर साठवण्याची पद्धत आणली. त्याच काळात छिद्रांच्या कागदी गुंडाळीवर आपोआप वाजणारे पियानोही पसरले. १९०४ मध्ये जर्मनीतल्या वेल्टे कंपनीनं आणखी एक पाऊल टाकलं. त्यांच्या वेल्टे-मिन्योन यंत्राच्या गुंडाळीवर सुरांसोबत पेडल आणि आवाजाचा चढउतारही नोंदला जाऊ लागला. माझ्या मते इफेक्टच्या ऑटोमेशनची खरी सुरुवात हीच. कोणता सूर वाजवायचा याच्या पलीकडे, तो कसा वाढत-घटत जायचा हेही कागदावर आलं. एफएल स्टुडिओ या गाणी बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ज्या खिडकीत आपण नोटा मांडतो तिला पियानो रोल म्हणतात, ते या गुंडाळीवरूनच. पूर्व भागातला कार्ड पंच करणारा आणि लॅपटॉपवर नोटा मांडणारा त्याचा नातू एकाच परंपरेतले आहेत, हे मी कौतुकानं सांगतो.

पुढचा प्रवास झपाट्याचा. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात नीव्ह कंपनीच्या नेकॅम यंत्रणेनं फेडर, म्हणजे मिक्सिंग टेबलावरच्या आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या दांड्या, मोटरनं आपोआप हलवले. १९८३ मध्ये मिडी, म्हणजे वाद्यं आणि संगणक यांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली भाषा, आलं आणि कुठलंही बटण ० ते १२७ अशा आकड्यांत पकडता येऊ लागलं. १९९६ मध्ये स्टाइनबर्गनं व्हीएसटी प्लगइनची, म्हणजे सॉफ्टवेअरला वरून जोडायच्या इफेक्टची, पद्धत आणली आणि इफेक्टची पेटी संगणकाच्या पडद्यावर उतरली. १९९७ मध्ये दोन गोष्टी घडल्या. तेलाच्या शोधासाठी भूकंपलहरींच्या विश्लेषणाचं काम केलेल्या अँडी हिल्डेब्रँड यांचं, हुकलेला सूर जागेवर आणणारं ऑटो-ट्यून बाजारात आलं, आणि बेल्जियममधून फ्रुटीलूप्स निघालं, जे पुढं एफएल स्टुडिओ झालं. फेलाही त्याच वर्षी गेले.

ऑटो-ट्यून आणि फ्रुटीलूप्स या दोन साधनांवर लागोस आणि घानातल्या अक्राच्या नव्या पिढीनं आपला ॲफ्रोबीट्स उभा केला. फेलांच्या पंधरा मिनिटांच्या राजकीय गाण्याहून तो वेगळा. तीन मिनिटांचा, नाचाचा, प्रेमाचा, बहुतेकदा मिनिटाला शंभरच्या आसपास ठोक्यांचा. मोठा ताफा गेला, एकटा निर्माता आला. पण जागा सोडण्याची रीत टिकली. २०२१ मध्ये नायजेरियाचा गायक बर्ना बॉयला ग्रॅमी मिळालं आणि २०२४ पासून ग्रॅमीत आफ्रिकी संगीताचा स्वतंत्र विभाग सुरू झाला, तोवर हा आवाज आपल्याकडच्या रील्सपर्यंत पोचलाही होता.

एआयचा भाग त्या मानानं कालचा. २०१४ मध्ये लँडरनं आपोआप मास्टरिंग, म्हणजे तयार गाण्यावर शेवटचा हात फिरवणं, सुरू केलं. २०१६ मध्ये आयझोटोपच्या न्यूट्रॉनमधला असिस्टंट ट्रॅक ऐकून इक्वलायझर (जाड-बारीक आवाजाचा तोल) आणि कॉम्प्रेसर (आवाजाची पातळी सारखी राखणारा इफेक्ट) यांच्या सेटिंग सुचवू लागला. २०२४ च्या नोव्हेंबरात अँथ्रोपिक या एआय कंपनीनं मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एआयला इतर सॉफ्टवेअरशी जोडायची पद्धत, खुला केला, आणि नंतर काही महिन्यांतच स्वतंत्र प्रोग्रामरांनी गाणी बनवायच्या एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरला भाषा-मॉडेल जोडणारे पूल लिहिले. ट्रॅक उघड, प्लगइन लाव, अमुक बटण तमुकवर ने, हे टाइप करून सांगता येऊ लागलं. २०२५ मध्ये एफएल स्टुडिओनंही आत प्रश्नोत्तरांचा असिस्टंट दिला.

अडचण कुठं येते ते एका इकोवर दाखवतो. गाणं मिनिटाला १०४ ठोक्यांचं आहे. एक मात्रा साधारण ५७७ मिलिसेकंदांची. असिस्टंटला नुसतं “शेवटच्या शब्दावर इको टाक” म्हटलं तर माझ्याकडे तो बहुधा पूर्ण मात्रेचा इको लावतो, म्हणजे शब्द नेमका पुढच्या मात्रेवर परततो. तिथं किक किंवा बास आधीच बसलेला असतो, शब्द त्यात बुडतो. तोच इको मात्रेच्या पाऊण भागावर, सुमारे ४३३ मिलिसेकंदांवर ठेवला की शब्द दोन ठोक्यांच्या मधल्या फटीतून डोकावतो आणि गाणं चालायला लागतं. तसंच मुखड्याआधी आठ आवर्तनं फिल्टर सावकाश उघडत न्यायची सवयही त्याच्या कामात दिसते. क्लबच्या संगीताला ते शोभतं. ॲफ्रोबीट एकदम फुटत नाही, थर एकेक करून येत जातात, त्यामुळं ती चढण कुठंच पोचत नाही.

हलगी आली की हे आणखी नाजूक होतं. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात लांब बारीक काडी. जाड ठोका कुणालाही ऐकू येतो, पण चाल धरून ठेवते ती काडीची तडतड. विस्तवावर तापवून ताणलेल्या कातड्याचा तो आवाज क्षणात विरतो. वर दोन सेकंदांचा रिव्हर्ब चढला की काडी गेलीच, आणि मागं नुसती धडधड उरते. म्हणून मी सूचनेत आकडे आणि मनाई दोन्ही लिहितो: हलगीवर रिव्हर्ब ०.४ सेकंदांच्या वर नको, इको फक्त आवाजावर, पाऊण मात्रेचा, तीनदा परतून संपणारा, आणि शेकेरे चालू असताना अजिबात नाही. असिस्टंट एवढं झटक्यात करून देतो. मग त्यातल्या कोणत्या रेघा पुसायच्या ते हेडफोन काढून, मोठ्या बॉक्सवर ऐकून ठरवतो, कारण सोलापुरात हे गाणं शेवटी तिथंच वाजणार असतं.