पडद्यावरचं चित्र कुणाचं?

पांढरी भिंत आणि राखाडी सोफा यांचा कंटाळा आलेली बरीच मंडळी आता आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या छपाई कारखान्यात येतात. भिंतीवर वेलबुट्टी, पडद्यावर मोर, सोफ्यावर अभ्र्यांची गर्दी: त्यांना अशी भरगच्च, मॅक्सिमलिस्ट खोली हवी असते. हौस आम्हालाही आहे. मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांच्या बैठकीत लोड, तक्के, सतरंजी आणि भिंतभर तसबिरी असायच्याच.

पण मोबाईल पुढे करून ‘दादा, हेच छापून द्या’ म्हटलं, की आमचा पहिला प्रश्न असतो: चित्र कुणाचं? ‘नेटवरचं आहे की!’ हे उत्तर आम्हाला चालत नाही. नेटवर दिसतं ते फुकट नसतं. चित्रकाराच्या परवानगीशिवाय एक अभ्राही आम्ही छापत नाही.

कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. त्यानुसार चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या हयातीत असतो आणि मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजून, आणखी 60 वर्षं टिकतो. राजा रविवर्मा 1906 साली गेले, अमृता शेरगिल 1941 साली. त्यांच्या हयातीत लोकांसमोर आलेली चित्रं आता आपल्या देशात सर्वांना खुली आहेत. मकबूल फिदा हुसेन मात्र 2011 साली गेले. त्यांच्या चित्रांचा हक्क 2071 संपेपर्यंत वारसांकडे किंवा त्यांनी ज्यांना दिला त्यांच्याकडे राहील. हुसेन यांचा घोडा पडद्यावर हवा असेल तर आधी या हक्कदारांची परवानगी लागेल.

अजिंठ्याचं काय, हा इथला हमखास प्रश्न. लेण्यांतल्या भित्तिचित्रांवर आज कुणाचा कॉपीराइट नाही. पण पुस्तकात किंवा वेबसाइटवर दिसणारा पद्मपाणीचा फोटो कुणीतरी काढलेला असतो, आणि त्या फोटोवर त्याचा हक्क असू शकतो. म्हणून छतावरची कमळं, हंस आम्ही आमच्या चित्रकाराकडून नव्याने रेखाटून घेतो. पैठणीचंही तसंच. काठावरचे मोर आणि कमळं छापायला आम्हाला आवडतात, पण छापील कापडाला आम्ही पैठणी म्हणत नाही. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे. ते नाव मागावरच्या विणीला शोभतं, आमच्या छपाईयंत्राला नाही.

आता परवाना म्हणजे नेमकं काय, ते सांगतो. जिवंत चित्रकाराशी आम्ही लेखी करार करतो. चित्र कोणत्या वस्तूवर, किती काळ, कोणत्या देशात विकायचं आणि त्याला प्रत्येक नगामागे काय मिळणार, हे सगळं त्यात असतं. मुदत लिहिलीच नाही तर कायदा ती 5 वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. परवाना अभ्र्याचा असेल तर तेच चित्र वॉलपेपरवर जात नाही, त्यासाठी वेगळी बोलणी करावी लागतात. ‘वॉलपेपरवर का नाही हो?’ असं विचारणाऱ्यांना हेच उत्तर.

रंग बदलून द्या, मोराचं तोंड तेवढं कापून घ्या, शेजारी आमचा लोगो टाका, ही मागणी सर्वांत अवघड. हक्क विकल्यावरही चित्रकार आपल्या कामाची मोडतोड अडवू शकतो. अमरनाथ सेहगल यांचं भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनातून 1979 साली काढून टाकलं गेलं, त्यात त्याची नासधूस झाली. 2005 साली दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारला 5 लाख रुपये भरपाई द्यायला लावली. त्यामुळे सजावट चित्रापासून सुरू करा. आधी चित्र निवडा, त्यातला एखादा हळदी किंवा गर्द हिरवा रंग उचला, आणि त्याच रंगाच्या पट्ट्या, चौकडी, बुट्ट्या आम्ही आमच्या घरच्या डिझाइनमधून जोडतो. मोठं चित्र एकच ठेवा, बाकी बारीक. पाच मोठी चित्रं शेजारी शेजारी आली, की खोली भरगच्च न दिसता गोंधळलेली दिसते, असं आमचं स्पष्ट मत.

घरचं चित्र असेल तर सोपं. मुलीने काढलेलं चित्र तिचं असतं, ते आईवडिलांच्या संमतीनं आम्ही छापतो. लग्नाचा फोटो तुम्ही पैसे देऊन काढून घेतला असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला हक्क तुमचा. पण प्रदर्शनातून विकत आणलेलं चित्र तुमच्या भिंतीवर असलं, तरी ते छापण्याचा हक्क त्यासोबत आलेला नसतो.

आमच्या परवानाधारक कापडाच्या किनारीवर बारीक अक्षरांत चित्रकाराचं नाव आणि वर्ष छापलेलं असतं. शिवताना ती पट्टी आतल्या बाजूला दुमडायला शिंप्याला सांगा. कापून टाकू नका, पुढे तोच माल मागवताना ती कामी येते. पश्चिमेच्या खिडकीला मात्र अस्तर लावाच, मे महिन्यातलं ऊन कोणत्याच रंगाला सोडत नाही.

करार संपला की ते चित्र आम्हालाही पुन्हा छापता येत नाही. म्हणून मापापेक्षा एक मीटर जास्त घ्या आणि दोन अभ्रे जादा शिवून ठेवा. नव्या चित्राची परवानगी आणायला वेळ जातो. दिवाळीचं काम असेल तर गणपतीच्या आधी या.