भाषावार राज्ये आणि फुटीची भीती

सीमेचा वाद असो, राजभाषेचा असो किंवा लोकसभेतल्या जागांचा, दोन राज्यांत किंवा केंद्र आणि राज्यात तणाव वाढला की देशाच्या ऐक्याला धोका असल्याचा इशारा हमखास ऐकू येतो. हा इशारा १९४८ इतका जुना आहे. तेव्हा तो देणारी माणसे देशावर जीव ओवाळून टाकणारी होती, म्हणून त्यांची भीती समजून घेतली पाहिजे. ती कुठे चुकली, हेही पाहिले पाहिजे.

इंग्रजांनी प्रांत आखले नव्हते. मुलूख जिंकत गेले तसे ते जोडले गेले होते. मुंबई प्रांतात मराठी, गुजराती, कन्नड आणि सिंधी एकत्र, तर मद्रास प्रांतात तमिळ, तेलुगू, मल्याळम, कन्नड आणि ओडिया. काँग्रेसने १९२० च्या नागपूर अधिवेशनात आपल्या प्रांतिक समित्या भाषेनुसार बांधल्या आणि स्वातंत्र्याची चळवळ पहिल्यांदा गावातल्या माणसाच्या बोलीत पोचली. १९२८ च्या मोतीलाल नेहरू समितीनेही भाषावार प्रांतांचा पुरस्कार केला. १ एप्रिल १९३६ ला ओडिया भाषकांचा वेगळा प्रांत झालाही. म्हणजे भाषावार राज्याची मागणी कुणा फुटीरांनी आणलेली नव्हती. राष्ट्रीय चळवळीनेच ते वचन दिले होते.

मग फाळणी झाली. लाखो माणसे मारली गेली, त्याहून कितीतरी अधिक उघड्यावर आली. साडेपाचशेहून अधिक संस्थानांचे विलीनीकरण अजून पुरते झाले नव्हते. अशा वेळी देशाचे आणखी तुकडे पाडणारी कुठलीही रेघ नेत्यांना नकोशी वाटली, यात नवल नाही. जून १९४८ मध्ये नेमलेल्या दार आयोगाने त्याच वर्षीच्या डिसेंबरात सांगितले की, केवळ भाषेवर प्रांत करणे राष्ट्रहिताचे नाही. त्यानंतर जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल आणि पट्टाभि सीतारामय्या यांची समिती बसली. एप्रिल १९४९ च्या अहवालात तिने हा प्रश्न पुढे ढकलण्याचा सल्ला दिला. आंध्रापुरती मात्र तिने वाट थोडी मोकळी ठेवली.

ती वाटही कुणी चालेना. १९ ऑक्टोबर १९५२ ला मद्रासमध्ये पोट्टी श्रीरामुलू उपोषणाला बसले. ते गांधीजींच्या आश्रमात राहिलेले, हरिजनांच्या मंदिरप्रवेशासाठी झटलेले सत्याग्रही होते. १५ डिसेंबरला त्यांचा मृत्यू झाला. तेलुगू मुलखात उद्रेक झाला, गोळीबारात माणसे मेली आणि चारच दिवसांनी नेहरूंनी आंध्र राज्याची घोषणा केली. १ ऑक्टोबर १९५३ ला ते अस्तित्वात आले, राजधानी कर्नूल. जी गोष्ट चार दिवसांत मान्य करता आली, ती आधी मान्य करायला काय हरकत होती, हा प्रश्न मला अजून छळतो. कारण यातून देशभर एक वाईट धडा गेला: अर्ज करून दिल्ली ऐकत नाही, माणूस मेला की ऐकते.

डिसेंबर १९५३ मध्ये फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. सप्टेंबर १९५५ मध्ये त्याने अहवाल दिला. भाषा हा एकच निकष मानणे शक्यही नाही आणि इष्टही नाही, असे त्याने म्हटले, पण प्रत्यक्षात दक्षिणेची फेररचना बहुतांशी भाषेवरच झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला १४ राज्ये आणि ६ केंद्रशासित प्रदेशांचा नवा नकाशा आला.

त्यात महाराष्ट्र नव्हता. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी मे १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनापासून संघटितपणे मांडली जात होती. आयोगाने मात्र द्विभाषिक मुंबई राज्य आणि वेगळा विदर्भ सुचवला. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळ्या चालल्या. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा झाली आणि शहर पुन्हा रक्ताने माखले. केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी मंत्रिपद सोडले. शेवटी मुंबई राज्याला विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र आणि कच्छ जोडून विशाल द्विभाषिक राज्य लादले गेले. ते मराठी माणसाला नको होते आणि गुजराती माणसालाही नको होते; तिकडे इंदुलाल याज्ञिकांच्या नेतृत्वाखाली महागुजरातची चळवळ उभी राहिली. १ मे १९६० ला दोन्ही राज्ये झाली, तोवर एकट्या महाराष्ट्रात शंभराहून अधिक हुतात्मे झाले होते.

या चळवळीत कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन एका व्यासपीठावर होते. एरवी त्यांचे एकमेकांशी पटत नसे. पण त्यांच्यातल्या कुणीही भारतापासून वेगळे होण्याची भाषा केली नाही. ‘झालाच पाहिजे’ ही मागणी भारताच्या संसदेकडे होती. घरातच आपली खोली मागणाऱ्याला घर मोडणारा ठरवणे, ही त्या काळच्या दिल्लीची मोठी चूक होती.

तमिळनाडूत हे अधिक कसोटीला लागले, कारण तिथे खरोखरच स्वतंत्र द्रविडनाडूची मागणी होती. १९६२ च्या चीन युद्धानंतर द्रमुकने ती सोडली. फुटीरतेच्या प्रचारावर निर्बंध घालू देणाऱ्या १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीचा दबावही त्यामागे होता. २६ जानेवारी १९६५ पासून हिंदी एकमेव राजभाषा होणार, म्हणून मद्रास राज्य पेटले. लालबहादूर शास्त्रींनी इंग्रजी चालू राहील असे आश्वासन दिले आणि १९६७ मध्ये राजभाषा कायदा दुरुस्त झाला. त्याच वर्षी द्रमुक निवडणुकीने सत्तेवर आला. वेगळे होऊ पाहणारा पक्ष राज्याचा कारभार चालवू लागला, आणि हे केवळ पाच वर्षांत घडले.

याच काळात शेजारी काय झाले ते पाहावे. मार्च १९४८ मध्ये ढाक्यात जिनांनी उर्दू हीच राष्ट्रभाषा असेल असे बजावले. २१ फेब्रुवारी १९५२ ला बंगालीसाठी रस्त्यावर आलेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. १९५५ मध्ये पश्चिमेकडचे सगळे प्रांत पुसून एकच घटक केला गेला. १९७१ मध्ये पाकिस्तान तुटला. तुटण्याचे कारण एकटी भाषा नव्हती, पण सुरुवात तिथून झाली. श्रीलंकेने १९५६ मध्ये तमिळ वगळून केवळ सिंहलीला राजभाषा केले. १९८३ मध्ये तिथे सुरू झालेले यादवी युद्ध २००९ ला संपले.

भारत वाचला त्यामागे नेत्यांच्या शहाणपणाइतकीच राज्यघटनेची एक रचना आहे. अनुच्छेद ३ नुसार नवे राज्य करायला किंवा सीमा बदलायला संसदेचे साधे बहुमत पुरते. संबंधित विधानसभेचे मत विचारले जाते, पण ते बंधनकारक नसते. जानेवारी २०१४ मध्ये आंध्रच्या विधानसभेने तेलंगणाचे विधेयक फेटाळले, तरी २ जूनला तेलंगणा झाला. ही लवचीकता मोठी ताकद आहे, पण त्यात राज्यांची असुरक्षितताही आहे.

डॉ. आंबेडकरांनी १९५५ मध्येच बजावले होते की एका राज्याला एक भाषा असावी, पण एका भाषेचे सगळे लोक एकाच राज्यात कोंबण्याची गरज नाही. उत्तर प्रदेशाचे तीन भाग करावेत, असे ते म्हणत. पणिक्करांनीही आयोगाच्या अहवालाला जोडलेल्या वेगळ्या टिपणात त्याच राज्याच्या आकाराबद्दल चिंता मांडली. २००० मध्ये उत्तराखंड वेगळा होऊनही उत्तर प्रदेशाकडे आज लोकसभेच्या ५४३ पैकी ८० जागा आहेत. लोकसंख्येनुसार जागांचे फेरवाटप होण्याची दक्षिणेला वाटणारी धास्ती इथूनच येते.

दुसरी उरलेली जखम सीमाभागाची. कुठल्याही सीमेच्या पलीकडे कुणीतरी राहतेच. बेळगाव कर्नाटकात गेले. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ मध्ये महाजन आयोग आला आणि त्याचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने नाकारला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. अशा लोकांसाठी १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने दोन तरतुदी केल्या: मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे यासाठी राज्यांनी प्रयत्न करावा, आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक विशेष अधिकारी नेमावा. तो अधिकारी चौकशी करून राष्ट्रपतींना अहवाल देतो आणि अहवाल संसदेपुढे ठेवले जातात. राज्य सरकारला आदेश देण्याचा अधिकार त्याला नाही.