ठोकायचा जॉइंट आणि आवळायचा जॉइंट

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या हार्डवेअरच्या दुकानात "काळ्या पाइपला एक जॉइंटर द्या" म्हटलं की काउंटरवरचा पोरगा उलटा विचारतो, "ठोकायचा का आवळायचा?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हणालो, "कुठलाही दे, गळला नाही म्हणजे झालं." त्यानं ठोकायचा दिला. स्वस्त होता. एप्रिलात एकदा टाकीचा व्हॉल्व्ह बंद असताना घरात कुणीतरी बोअरची मोटर चालू केली. मंगळवार पेठेतल्या आमच्या गच्चीवर भर दुपारी तो जॉइंट सुटला आणि फवारा थेट शेजारच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या सांडग्यांवर. वहिनी काय बोलल्या ते इथं लिहीत नाही.

काळा पाइप म्हणजे एचडीपीई, एक चिवट प्लास्टिक. घरातल्या नळाच्या सीपीव्हीसी या कडक प्लास्टिक पाइपला सोल्युशन लावून चिकटवतात तसं याला जमत नाही. सोल्युशन त्या पाइपचा पृष्ठभाग विरघळवून दोन तुकडे एकजीव करतं. एचडीपीई त्यात विरघळतच नाही, त्यामुळं वाळलेलं सोल्युशन पापुद्र्यासारखं निघून येतं. मोठ्या लाइनीला तापवून, वितळवून जोडतात. घरगुती कामात मात्र पाइप कशानं तरी धरूनच ठेवावा लागतो, आणि धरायच्या तऱ्हा दोन.

ठोकायचा म्हणजे कंगोरेवाला निपल, बाहेरून कंगोरे असलेली आखूड नळी. तो पाइपच्या आत जातो आणि वरून स्टीलची क्लिप आवळतात. आवळायचा म्हणजे कॉम्प्रेशन कपलर. इथं पाइपच कपलरच्या आत जातो आणि कपलरचा नट आवळतात. पाणी एकात पाइपच्या आतल्या अंगाला अडतं, दुसऱ्यात बाहेरच्या अंगाला. दिसायला एवढासा फरक, पण बाकीचं सगळं त्यातूनच निघतं.

साइजच घ्या. काळ्या पाइपचं माप बाहेरून मोजतात. अर्धा इंची मागितला की २० एमएम हातात येतो, पाऊण इंचीला २५, एक इंचीला ३२. बाहेरचं माप ठरलेलं, पण प्रेशरचा क्लास, म्हणजे पाइप किती दाब झेलतो तो दर्जा, वाढला की पाइप जाड होतो आणि भोक बारीक होतं. म्हणून ३२ चा कॉम्प्रेशन कपलर ३२ च्या कुठल्याही क्लासच्या पाइपला बसतो, आणि निपल मात्र एका पाइपात सैल तर दुसऱ्यात शिरतच नाही. मग मिस्त्री पाइपचं तोंड पेटत्या कागदावर धरतात. ते करू देऊ नका, पाइप करपतो. उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवला तरी पुरेसा नरम पडतो. शिवाय निपल आत बसल्यामुळं वाट अरुंद होते. समजा पाइपचं भोक २६ एमएम आणि निपलचं २०, तर त्या ठिकाणी पाण्याला जेमतेम साठ टक्के जागा उरली.

आता सुटण्याबद्दल. प्रेशर वाढलं की पाइप किंचित फुगतो, म्हणजे निपलपासून लांब जायला बघतो. त्याला थोपवते ती एकटी क्लिप. आणि एचडीपीई सतत दाबाखाली राहिला की हळूहळू दबत जातो, त्यामुळं आज कडक आवळलेली क्लिप सहा महिन्यांनी ढिली लागते. त्यात ऊन. गच्चीवरचा १० मीटरचा तुकडा २० अंशांच्या फरकानं ३-४ सेंटिमीटर लांबतो, रात्री तेवढाच आखडतो. रोजची ही ओढाताण त्या क्लिपच्या नशिबी.

कॉम्प्रेशनमध्ये उलटं होतं. नट उघडून बघा: आत एका बाजूला चिरलेली, दातेरी कडी असते आणि तिच्या पुढं रबरी ओ-रिंग. नट आतून उतरता, म्हणजे बाहेरच्या तोंडाकडं निमुळता असतो. पाण्यानं पाइप बाहेर ढकलला की कडी त्या उतारात ओढली जाते आणि दाते आणखी रुततात. पाणी अडवायचं काम ओ-रिंगचं, धरायचं काम कडीचं. कडी उलटी घातली तर धरत नाही. तिचं रुंद तोंड कपलरच्या पोटाकडं हवं.

बाहेरून अडवायचं म्हटल्यावर पाइपची बाहेरची कातडी स्वच्छ पाहिजे. आमच्याकडं पाइपचं वेटोळं फरशीवरनं, दगडावरनं फरफटत न्यायची पद्धत आहे. त्यानं उभा चरा पडला तर निपलला काही फरक पडत नाही, पण ओ-रिंगखालून पाणी त्याच चऱ्यातून झिरपत राहतं. तेवढा तुकडा कापूनच टाकायचा. सरळ कापायचा, आणि हॅक्सॉ ब्लेडनं कापला असेल तर कडा कानशीनं तासून घ्यायच्या, नाहीतर धारदार काठ ओ-रिंग फाडतो किंवा दुमडतो. कपलर किती खोल आहे ते बाहेरून धरून पाइपवर मार्करनं खूण करा, टोकाला साबणाचं पाणी लावा आणि खूण आत जाईपर्यंत दाबा. माझ्या पाहण्यातले निम्मे गळणारे कॉम्प्रेशन जॉइंट इथंच फसलेले. पाइप रबरापाशी अडखळतो, मिस्त्रीला वाटतं पोचला, आणि नट आवळून तो खाली उतरतो.

टेफ्लॉन टेप या नटाला गुंडाळायचा नाही. तिथं आटे पाणी अडवत नाहीत, नुसते दाबतात. टेप लागतो तो दुसऱ्या टोकाला, जिथं आट्याचं तोंड नळात किंवा व्हॉल्व्हमध्ये जातं. आट्यांना सुतळी गुंडाळून सफेदा लावण्यावर हात बसलेल्या जुन्या मिस्त्रींना हे पटवणं अवघड. आमचे अण्णा मिस्त्री तर म्हणाले, "साहेब, टेप दोन रुपयांचा. लावला तर काय बिघडतंय?" बिघडतं एवढंच, की टेपमुळं नट मध्येच जाम होतो आणि कडीवर पूर्ण बसत नाही.

मग निपल वाईट का? मळ्यातल्या ठिबकच्या १६ एमएमच्या लॅटरलला, म्हणजे पिकाच्या ओळीतनं जाणाऱ्या नळीला, तोच लागतो, उसाच्या सरीत तो मजेत चालतो. ती नळी पातळ आणि लवचिक, निपलला घट्ट लपेटून बसते. प्रेशरही साधारण १ किलोचं, म्हणजे १० मीटर उंचीच्या टाकीएवढं. घोळ होतो तो शेतातला उरलेला जॉइंटर शहरातल्या घरी मोटरच्या लाइनला वापरला की. उलटा घोळही होतो: बागेच्या मऊ नळीला कॉम्प्रेशन. नळी आत दबते, कडीला धरायला काही उरत नाही.

गीझर किंवा सोलरच्या गरम लाइनला यातलं काहीच नको. तिथं एचडीपीईच चालत नाही, सीपीव्हीसी घ्या. आणि दोन्हीपैकी कुठलाही जॉइंट गिलाव्यात गाडू नका. पाना लावता येईल एवढी जागा सोडा.

गच्चीवर आता कॉम्प्रेशन आहे. तो जुना निपल टाकला नाही, गाडी धुवायच्या नळीला लावलाय. तिथं अजून एकदाही सुटलेला नाही.