एकच लहर आणि तीन देशांच्या दुर्बिणी: खोडद, कारू आणि गुइझोऊ

ब्रिक्स (ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका वगैरे देशांचा गट) म्हटलं की आपल्याकडे लगेच डॉलर, तेल आणि कोण कोणाशेजारी उभं राहिलं यावर चर्चा सुरू होते. पण 2014 साली केपटाउनला या देशांचे विज्ञानमंत्री भेटले तेव्हा त्यांनी पाच विषय आपसात वाटून घेतले होते आणि त्यातलं खगोलशास्त्र दक्षिण आफ्रिकेकडे गेलं, हे फार कमी जणांना माहितीय. मला तरी या सगळ्या सहकार्यात सगळ्यात खरंखुरं काम इथेच दिसतं, आणि त्याचा एक धागा थेट आपल्या जुन्नर तालुक्यात येतो म्हणून हा लेख.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 डिश, त्यातल्या 14 मधोमध एका चौरस किलोमीटरमध्ये आणि बाकीच्या 16 इंग्रजी वायच्या आकारात पंचवीसेक किलोमीटरवर पसरलेल्या. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या टीमने स्टीलच्या दोऱ्या ताणून त्यावर जाळी बसवायची अशी डिझाइन काढली, त्यामुळे डिश हलक्या झाल्या, वाऱ्याचा जोर कमी लागतो आणि खर्चही कमी आला. दुसरी दुर्बीण दक्षिण आफ्रिकेच्या कारू या कोरड्या भागात, नाव मीरकॅट, 64 डिश, 2018 ला सुरू झाली. तिसरी चीनच्या गुइझोऊ प्रांतात डोंगरांच्या खोलगटात बसवलेली फास्ट, एकच डिश पण 500 मीटर व्यासाची.

आता या तिघी काय करतायत ते बघा. विश्वात मोठमोठ्या दीर्घिका एकमेकींत मिसळतात तेव्हा त्यांच्या मध्यभागातली राक्षसी कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरू लागतात आणि त्यातून गुरुत्वीय लहरी, म्हणजे खुद्द अवकाशालाच ताणत-आकसत जाणारे तरंग, निघतात, पण या लहरी इतक्या संथ असतात की एक लहर पूर्ण जायला काही वर्षं लागतात! लायगोसारख्या, गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या पृथ्वीवरच्या यंत्राला त्या सापडूच शकत नाहीत. म्हणून शास्त्रज्ञ पल्सर वापरतात. पल्सर म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा दाट गाभा, त्यातले काही सेकंदात शेकडो वेळा फिरतात आणि प्रत्येक फेरीला रेडिओ स्पंदन पाठवतात, अगदी घड्याळासारखं नेमकं. लहर गेली की स्पंदन किंचित लवकर किंवा उशिरा पोचतं. फरक सेकंदाच्या काही कोट्यंशाचा, आणि तो एकाच पल्सरमध्ये दिसून चालत नाही, आकाशात वेगवेगळ्या दिशांना असलेल्या पल्सरमध्ये ठराविक पद्धतीने जुळावा लागतो, तेव्हाच लहर म्हणायची.

इथे खोडदचं काम कळीचं आहे. स्पंदन आपल्यापर्यंत येताना वाटेतल्या इलेक्ट्रॉनच्या ढगांमुळे रेंगाळतं, आणि फ्रीक्वेन्सी जितकी कमी तितकं जास्त. 400 मेगाहर्ट्झवरचं स्पंदन 1400 वाल्यापेक्षा सुमारे बारापट रेंगाळतं. हे ढग हलत असतात त्यामुळे उशीरही बदलत राहतो, आणि तो नीट मोजून वजा केला नाही तर ढगाचा परिणाम लहर म्हणून खपून जाईल. जीएमआरटीवर डिशचे गट पाडून एकाच वेळी दोन्ही फ्रीक्वेन्सीवर तोच पल्सर बघता येतो, म्हणून हा उशीर फार अचूक मिळतो. फास्टकडे प्रचंड संवेदनशीलता आहे पण तिला खोल दक्षिणेचं आकाश दिसत नाही. मीरकॅटला ते दिसतं, आणि आकाशगंगेचा मध्यही तिच्या डोक्यावरून जातो. म्हणजे कोणा एकाकडे सगळं नाहीये.

जून 2023 मध्ये जगभरातल्या गटांनी एकाच वेळी निकाल जाहीर केले. भारताच्या गटाने, त्यात जपानी शास्त्रज्ञही आहेत, आपला साडेतीन वर्षांचा डेटा युरोपच्या जवळजवळ 25 वर्षांच्या डेटाला जोडला, चीनने फास्टचा निकाल वेगळा मांडला, आणि डिसेंबर 2024 मध्ये मीरकॅटचा 83 पल्सरचा निकाल आला. सगळ्यांना अशा लहरींच्या खुणा दिसल्यात. शोध लागला असं ठाम म्हणण्याएवढा पुरावा अजून जमलेला नाही आणि तो जमवायला सगळ्यांचा डेटा एकत्र करणं हाच मार्ग आहे. भारत, चीन आणि दक्षिण आफ्रिकेने ब्रिक्सच्या व्यासपीठावर बाकी काही नाही तरी एवढं ठरवलं तरी मला खूप आनंद होईल, कारण सीमेवर काहीही चालू असो, पल्सर कोणाची वाट बघत नाहीत.

पुढचं पाऊल म्हणजे एसकेए, अनेक देश मिळून उभारत असलेली प्रचंड रेडिओ दुर्बीण. त्याच्या 197 डिश कारूत असतील (मीरकॅटच्या 64 त्यातच धरल्यात), आणि लाखभराहून जास्त छोटे अँटेना पश्चिम ऑस्ट्रेलियात. नव्या डिश चीनमध्ये बनतायत, आणि पूर्ण दुर्बीण चालवणाऱ्या कंट्रोल सॉफ्टवेअरच्या डिझाइनचं नेतृत्व पुण्याच्या एनसीआरएने, म्हणजे जीएमआरटी चालवणाऱ्या संस्थेने केलंय. भारत सरकारने यासाठी 1250 कोटी मंजूर केलेत, त्यात आपल्याकडचं डेटा सेंटरही आहे.

पैशांचं बोलायचं तर अजून दोन योजना बघायला हव्यात. जानेवारी 2025 पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू झालं, तीन वर्षांसाठी 6000 कोटी, त्यातून सरकारी कॉलेज-विद्यापीठांतल्या मुलांना हजारो जर्नल उघडता येतात. खगोलशास्त्राचे पेपर आधीपासूनच अर्काइव्ह (arXiv) या वेबसाइटवर फुकट मिळायचे, पण वैद्यक, रसायन, इंजिनिअरिंगवाल्यांसाठी ही खूप मोठी गोष्ट आहे, लहान गावातल्या सरकारी कॉलेजला तर नक्कीच. फक्त खाजगी कॉलेजमधली मुलं अजून बाहेर राहिलीत, त्यांनाही घ्यायला पाहिजे. दुसरं म्हणजे संशोधनाला पैसे देणारं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, पाच वर्षांत 50,000 कोटी, पण त्यातले सुमारे 36,000 कोटी उद्योग आणि इतर बिनसरकारी स्रोतांकडून यावेत अशी अपेक्षा आहे. बॅटरी, औषधं यांना ते मिळतीलही. पल्सरला कोणती कंपनी पैसे देणार? मूलभूत विज्ञानाचा वाटा सरकारनेच उचलावा लागेल.

आणि शांतता हवी ती वेगळीच. रेडिओ दुर्बिणीला मोबाइल टॉवर, विजेच्या ठिणग्या, रेल्वे सगळ्याचा त्रास होतो. दक्षिण आफ्रिकेने 2007 लाच कायदा करून कारूचा भाग राखून ठेवला. चीनने फास्टच्या आसपासची हजारो माणसं हलवली, जे मला पटत नाही. आपल्याकडे पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग जीएमआरटीमुळेच बदलावा लागतोय आणि जुन्नर-नारायणगावच्या लोकांची नाराजी मला समजते, रेल्वे त्यांना हवीच आहे. त्यांच्याशी बोलून, त्यांना दुसरा पर्याय देऊनच हे सुटेल.

माणसं घडवण्यात मात्र दक्षिण आफ्रिका आपल्यापुढे आहे असं मला वाटतं. तिथे 2005 पासून, म्हणजे मीरकॅटची एकही डिश उभी नव्हती तेव्हापासून, विद्यार्थ्यांना स्कॉलरशिप द्यायला सुरुवात झाली आणि हजाराहून जास्त जणांना त्या मिळाल्या. एसकेएमधून दरवर्षी 700 पेटाबाइटच्या घरात (एक पेटाबाइट म्हणजे दहा लाख जीबी) डेटा निघणार आहे. 1250 कोटींतला ठळक भाग आत्तापासूनच बीएस्सी-एमएस्सीच्या मुलांना डेटा हाताळायला शिकवण्यावर खर्च व्हावा, आणि ते शिक्षण पुण्या-बंगळुरूच्या बाहेरच्या कॉलेजांतही जावं. खोडदला दर 28 फेब्रुवारीला विज्ञान प्रदर्शन भरतं, आसपासच्या शाळांची हजारो मुलं स्वतः बनवलेले प्रयोग घेऊन येतात. त्यातल्या कोणाला पुढे पल्सरचा डेटा बघायचा असेल तर त्याचा रस्ता आठवी-नववीतच दिसायला हवा, पीएचडीच्या मुलाखतीत नाही.